भाऊजी आणि आरमोरीची खुसपटं

आमच्या भाऊजींना ताजमहाल दाखवला, तर तिथल्या संडासाची कडी नीट लागत नाही एवढंच सांगत ते परत येतील. दिवाळीनंतर त्यांना घेऊन आरमोरीला निघालो. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी एवढ्या वाटेत त्यांनी तिकिटावरची फिकट शाई, कंडक्टरचं लोंबतं बटण आणि एका रसवंतीच्या पाटीवरचा चुकलेला ऱ्हस्व काढला. वैनगंगेचा पूल लागला.

"पलीकडे गडचिरोली जिल्हा," मी म्हणालो. "२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा काढला."

"मग पुलावर मधोमध रेघ कुठाय?"

"नदी हीच हद्द."

"नदी तर वाहते. हद्द वाहून कशी चालेल?"

वैरागडचा किल्ला पाहिला. इथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त केली आहे, हे सांगायला नको होतं. नेमकं कुठे खणायचं याची पाटी लावलेली नाही, ही तक्रार भाऊजी आरमोरीपर्यंत करत राहिले.

आरमोरी कोशासाठी, म्हणजे टसर रेशमासाठी प्रसिद्ध. तुतीवरचा किडा घरात, सुपात वाढतो. हा टसरचा किडा मात्र उघड्या जंगलात ऐनाची, अर्जुनाची पानं खातो. पाखरं, मुंग्या, पाऊस एवढ्यांतून जो वाचेल त्याचा कोष, आणि त्या कोषाचा हा तांबूस सोनेरी धागा. दुकानात भाऊजींनी साडी उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवला.

"या दोन धाग्यांचा रंग सारखा नाही."

"किड्याले सांगून पाहा जी," दुकानदार शांतपणे म्हणाला. बहिणीसाठी साडी मी घेतली. गाठी मोजायचं काम भाऊजींनी घेतलं.

रात्री जवळच्या गावात मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं नाटक होतं. झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भातलं नाटक दहाच्या पुढे सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं, त्यामुळे खुसपटं काढणाऱ्याला एवढा ऐसपैस वेळ दुसरीकडे कुठे मिळणार? नायकाची आई मेली आणि लगेच लावणी सुरू झाली. भाऊजींनी तोंड उघडलं, तोच शेजारचे घोंगडीतले आजोबा बोलले.

"मागल्या सालची माय मस्त मेली होती जी. हे तं पापण्या हालवते."

भाऊजी चमकले. मग आजोबांनी ऑर्गनवाल्याचा सूर काढला, खलनायकाच्या मिशीचा डावा कोपरा काढला, पडदा ओढणाऱ्या पोराची घाई काढली. नटाच्या तोंडी वाक्य येण्याआधीच ते पुटपुटत होते. नाटक त्यांना प्रॉम्प्टरपेक्षा पाठ होतं. इथल्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचं कौतुक देशभर झालं, पण त्या कौतुकाला पात्र ठरवणारे परीक्षक असे घोंगडी पांघरून पुढच्या रांगेत बसलेले असतात, असं मला वाटतं.

तिसऱ्या अंकात भाऊजी मनापासून हसले. आजोबांनी वळून पाहिलं.

"पावणे, तुमी चुकीच्या जागी हासता जी."

"मग बरोबर जागा कोणत्या?"

आजोबांनी पहिल्या अंकापासून सांगायला घेतलं. नाटक संपलं, मांडव उकलू लागला, चहाची दुसरी किटली आली, तरी ते दुसऱ्याच अंकात होते. ब्रह्मपुरीची पहिली गाडी आमच्यादेखत निघून गेली. तिचा मागचा दिवा बंद आहे, हे दोघांनाही एकदमच दिसलं.