जगात जर्मनी, रीचमध्ये परभणी

दुकान जिंतूर रोडला असो की नानलपेठेत, संध्याकाळी गल्ला मोजायची खोड आधी सोडा. गल्ला फार लवकर मोजून होतो. इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल खातं काढा. साध्या खात्यावर इनसाइट्स, म्हणजे पाहणाऱ्यांचे आकडे, दिसत नाहीत, आणि इनसाइट्सशिवाय रात्री दोनला उठून बघायचं काय?

आता रीच आणि व्ह्यूज. मावसभावानं तुमची रील अकरा वेळा पाहिली तर व्ह्यूज अकरा, रीच एक. पाहुण्यांत सांगताना अर्थातच व्ह्यूज सांगावेत. 2024 पासून इन्स्टाग्रामही तेच पुढं करतंय. मग एंगेजमेंट रेट : लाइक, कमेंट, शेअर, सेव्ह यांची बेरीज भागिले रीच, गुणिले 100. रील फक्त बायको, साडू आणि आत्याला दिसली आणि तिघांनी बदाम टाकला, की झाले 100 टक्के. असा रेट भल्याभल्या कंपन्यांना गाठता येत नाही.

आमच्या वहिनी ज्वारीचे पापड करतात. परभणी मोतीची ज्वारी, पीठ शिजवून पळीनं जुन्या नऊवारीवर घातलेले. (हा वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचा. 1972 पासून ही मंडळी पीक क्विंटलात मोजतात. शेताकडं किती जणांनी पाहिलं, हे कुठंच धरत नाहीत. जुन्या वळणाची संस्था.) वाळवणातला एक पापड कुत्र्यानं पळवला, त्याची रील मी टाकली. व्ह्यूज बारा हजार. प्रेक्षकांत पुणे पहिलं, कारण गल्लीतली निम्मी पोरं तिकडंच. कमेंट सगळ्या 'गावची आठवण आली' अशा. ऑर्डर कुत्र्याचीच, तीही फुकट.

त्याच आठवड्यात वहिनींनी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवलं : 'तीन किलो शिल्लक. चारनंतर या.' ना गाणं, ना फोटो. पाहणारे 41. त्यातही ज्यांनी रीड रिसीट बंद ठेवली, ते यादीत दिसत नाहीत. वहिनींच्या सासूबाई त्यांतल्याच. साडेपाचला डबा रिकामा.

इथं नवशिके एक घोडचूक करतात. वहिनींनीही केली. चाळीस पानी वहीत त्यांनी रकाना आखला, 'कुणी सांगितलं?' आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागल्या. एक मावशी पिशवी घेऊन आल्या, दोन किलो घेतले, पैसे रोख. म्हणाल्या, 'पुण्याहून पोराचा फोन आला, म्हणे कुत्र्यानं नेलेले पापड कुठं भेटतेत बघ.' मावशींकडं साधा बटणाचा फोन. इनसाइट्समध्ये याची नोंद शून्य, वहीत मात्र 'कुत्रा – 1'. असल्या वहीपासून लांब राहा. तिला ग्राफ येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादीही करून बघा. तीत 256 जण मावतात, पण निरोप पोचतो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. मी दोनशे जणांना पाठवला, पोचला एकोणीस जणांना. नात्यागोत्यात आपली किंमत इतकी नेमकी दुसरीकडं कुठं कळत नाही.

परवा इनसाइट्समध्ये देशांच्या यादीत जर्मनी दिसलं, एक टक्का. मी स्क्रीनशॉट काढून पळतच वहिनींकडं गेलो. त्या पापड उलटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, 'भाऊजी, त्याला विचारा, किती किलो, अन् कुरिअरचे कोण देणार?'