तांदळातला परतावा

भाचीला पुण्यात नोकरी लागली. पगाराचा आकडा ऐकला आणि देवळातली घंटा वाजून थांबावी तशी शांतता घरात पसरली. पण पहिली पगारपत्रिका हाती आल्यावर तिनं हिरमुसून विचारलं, "मामा, हा टीडीएस कोण? माझ्या ताटात माझ्याआधी जेवून जातो तो?" म्हटलं, बाई गं, खळ्यावरची रास वेगळी आणि भरडून घरी येतात ते तांदूळ वेगळे. शेजारीच व्यवसाय कराचे २०० रुपये अंग चोरून बसले होते. वर्षाचे २,५०० जुळवायचे, म्हणून फेब्रुवारीत त्यांचे ३०० होतात. भावंडांत सर्वांत धाकटा जो महिना, त्याच्याच डोक्यावर जड गाठोडं!

जुनी करप्रणाली निवडून तिला घरभाड्याची सूट घ्यायची होती. जानेवारीत कंपनीनं पावत्या मागितल्या आणि ही विसरली. मग फेब्रुवारी-मार्चचा पगार उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा आटला. जुलैत विवरणपत्र भरून तिनं जादा कापलेला कर परत मागितला. पुढे एका सकाळी नाचतच तिचा फोन आला, "मामा, सरकारनं पैसे दिले!" पैसे तिचेच होते, पण हरवलेली छत्री सापडली की आपल्याला नवी घेतल्याहून जास्त आनंद होतो. शिवाय १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज, आणि त्या व्याजावर पुन्हा कर!

मला मात्र आईचा तांदळाचा डबा आठवला. पाहुण्यांनी जाताना माझ्या हातावर ठेवलेली पाचाची नोट, त्यांची रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आत आईकडे जमा होई. "माझ्याकडे ठेव, हरवशील." उगमापाशीच होणारी कपात ती, ना पावती, ना सोळा नंबरचा फॉर्म. माझ्या मनातल्या वहीत एकूण ८५ रुपये होते. कॉलेजची फी भरायच्या दिवशी तिनं तांदळात हात घालून पुरचुंडी काढली. "घे, तुझेच जमलेत." मोजले, तर साडेचारशे! कुठल्या दरानं व्याज लावलंस, हे विचारायचं राहून गेलं. आणि आता परतावा द्यायचा माझ्याकडे आहे, खातं मात्र बंद झालंय.

रविवारी भाची आली, पेढे दिले आणि पाचशेची एक नोट माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "मामा, तुझ्याकडे ठेव. माझ्याकडून उडतील." मी पावती दिली नाही. आत जाऊन नोट हळूच तांदळात खुपसली.