पहिला बार शेजाऱ्याचा

रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत बंदूक घेऊ पाहणारा माणूस ती कशी आहे हे कधीच विचारत नाही. तो विचारतो, "आणखी कोणी घेतलीय?" कोणी घेतली नसेल तर विषय संपला. घेतली असेल तर चौकशी बंदुकीवरून घसरते ती थेट घेणाऱ्यावर. "कोण? तो पावसचा? अहो, त्यानं इन्व्हर्टर दोनदा घेतला!" झालं. चांगली बारा बोअरची बंदूक एका इन्व्हर्टरपायी बाद.

गैरसमज नको म्हणून सांगतो, आमच्याकडे शिकारी उरलेले नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती हौस संपवली, निदान कागदोपत्री. उरलेत ते शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारे बागायतदार, आणि त्यांच्यासमोर वानरं. वानराला मारायचं नाही. डुकराला हात लावायचा तर वनखात्याची परवानगी हवी. मग बंदुकीनं करायचं काय, तर ओरडायचं. जगभरचे बंदूकवाले पल्ला, वजन, दुर्बीण यांवर रात्री जागवतात, आमची कसोटी एकच: आवाज.

आमच्या अण्णाकाकांकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे. नळीत मापानं दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग गजानं ठासायचं. किती ठासायचं हे अण्णाकाकांच्या मनगटाला ठाऊक असतं, तोंडानं त्यांना सांगता येत नाही. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. एवढं होईस्तोवर वानरांची पहिली पंगत उठून दुसरी बसलेली असते. मग बार निघतो. धुराचा लोट, डोंगरावरून परत येणारा आवाज, आणि लगोलग माजघरातून काकूंचा. वानरं नक्की कुठल्या आवाजाला पळतात यावर घरात दोन मतं आहेत.

ठाण्याला राहणारा माझा चुलतभाऊ दर मे महिन्यात या बंदुकीला निवृत्त करायला येतो. यंदा म्हणाला, "अण्णाकाका, काडतुसाची घ्या. खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं मिळतात. टाकलं काडतूस, ओढला चाप."

"आवाज पोकळ असतो तिचा."

"तुम्ही कधी ऐकलात?"

"शेजाऱ्याकडे. शिवाय धूर नाही. वानर धुराला भितं. आणि पावसाळ्यात सर्दावली तर दारू उन्हात टाकता येते. काडतुसं काय पापडांबरोबर वाळत घालू?"

चुलतभाऊ स्वतः रायफल क्लबात जातो, त्यामुळे त्याला शास्त्र सुचतं. स्वप्निल कुसाळेनं 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवल्यापासून तर जास्तच. तो सांगत होता, मोठे नेमबाज नवीन गोळ्या घेण्याआधी रायफल शिकंज्यात घट्ट आवळतात आणि वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडून बघतात. ज्या लॉटच्या गोळ्या कागदावर सगळ्यांत जवळजवळ पडतात, तो लॉट उचलायचा. माणसाचा हात, श्वास, छातीची धडधड, सगळं बाजूला ठेवायचं आणि निव्वळ माल तपासायचा. मला हे फार पटलं, कारण आमच्याकडे याच्या बरोबर उलटी पद्धत आहे. आम्ही माल बाजूला ठेवतो आणि माणसाला शिकंज्यात घालतो.

हरल्यावर भावानं जिम कॉर्बेट काढला. हे अस्त्र तो राखून ठेवतो. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यानं सव्वाशे माणसं खाल्ली. त्याच्यासाठी सापळे लावले, विष घातलं, तो पुरून उरला. अखेर मे 1926 मध्ये गुलाबराईला कॉर्बेटनं त्याला मारला, तो रायफलीवर विजेची टॉर्च बसवून. "बघा! त्या काळातली अगदी नवी वस्तू. तो जर म्हणाला असता, आणखी कोणी घेतलीय, तर?"

अण्णाकाकांनी सुपारी कातरायची थांबवली. "मग टॉर्चचं काय झालं?"

"बिबट्या दिसला, गोळी सुटली आणि… विझली."

"हां. आणि साहेब बसला कुठे होता?"

"झाडावर."

"कसल्या?"

भाऊ खोटं बोलत नाही, हा त्याचा दोष. "आंब्याच्या."

"मग झालं तर," अण्णाकाका म्हणाले. "टॉर्च विझली, आंबा टिकला."

एक मात्र खरं, नव्या वस्तूचा निकाल पडवीत लागतच नाही. आम्ही इकडे सुपारी कातरत सुनावणी घेतो, तिकडे फणसावर दुसरी समिती बसलेली असते. तिचा अध्यक्ष हुप्प्या, आणि ती आमच्याहून कितीतरी लवकर निर्णय देते. शेजाऱ्यानं वाघाची डरकाळी फोडणारा भोंगा आणला. पहिल्या दिवशी सगळा कळप पसार, आणि शेजाऱ्याचा कुत्राही. दुसऱ्या दिवशी हुप्प्या लांब बसून नुसता ऐकत होता. डरकाळी ठरावीक अंतरानं येते, पण वाघ काही येत नाही, एवढा हिशेब त्याला जमला असावा. आठवडा संपायच्या आत मी त्याला भोंग्याच्या खांबावर शेपूट सोडून बसलेला पाहिलाय. खालून डरकाळी, वरून सालं. डुकरांसाठी वाडीभोवती बांधलेल्या जुन्या साड्यांचं पुढे काय झालं ते विचारू नका. त्यातली एक काकूंची होती आणि त्यांच्या मते ती जुनी नव्हती.

सौर कुंपण मात्र चाललं. झटका डुकराला बसतो, मरत कोणी नाही. म्हणून गावानं लगेच घेतलं असं समजू नका. शेजाऱ्याचं कुंपण दोन पावसाळ्यांत गंजतंय का हे सगळ्यांनी येता-जाता बघितलं आणि मगच अर्ज केले. खाऱ्या वाऱ्यात जी वस्तू टिकली तिला आमच्यात प्रमाणपत्र लागत नाही. आणि ती शेजाऱ्याच्या पैशानं टिकलेली असली तर फारच उत्तम.

ठासणीच्या बंदुकीला एकच शत्रू निघाला, निवडणूक. 2024 साली आमच्याकडे लोकसभेचं मतदान 7 मे ला होतं, म्हणजे ऐन हापूसच्या मोसमात. आचारसंहिता लागली आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. वानरांना आचारसंहिता कोण कळवतं ठाऊक नाही, पण त्यांनी तिचा पुरेपूर लाभ घेतला. चुलतभावाचा फोन आला, "आता तरी काहीतरी नवीन घ्या." अण्णाकाकांनी काहीही घेतलं नाही. ते स्वतःच कलमांखाली उभे राहिले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि आजोबांनाही शोभेल अशी आरोळी ठोकली. कळप खरोखर उठला. मग अण्णाकाकांना जी ढास लागली ती थांबेना. पाणी झालं, पाठ चोळून झाली, हळदीचं दूध झालं. तोवर वानरं परतून स्थिरस्थावर.

काकूंनी पेला उचलता उचलता एवढंच विचारलं, "पुन्हा भरायला किती वेळ लागेल?"