अठ्ठावीस मण्यांची माळ

आमच्या कुंभिवलीकडची एखादी बाई धीर करून मेडिकलच्या काउंटरवर गेली आणि गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट मागितलं, की तिच्यापुढे दोन प्रश्न येतात. "लग्न झालंय ना?" आणि "घरी माहितीये ना?" दोन्हींना मान हलवली की पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत जातं. शेजारी उभा असलेला माणूस गुटखा उघड्यावर घेतो, तो भाग वेगळा.

आता रक्ताची गुठळी काही लग्नपत्रिका बघून पायात उतरत नाही. विचारायचं ते दुसरंच असतं. बीपी किती? बाळ अंगावर पितंय का आणि किती महिन्यांचं आहे? अर्धशिशी उठते का, आणि त्याआधी डोळ्यांपुढे चमकतं का? पस्तिशी उलटली आहे आणि विडी-सिगारेट चालू आहे का? पायात गुठळी, कावीळ किंवा लिव्हरचं दुखणं, छातीतली गाठ असं काही झालंय का? टीबीची किंवा फिटची औषधं सुरू आहेत का? बीपी १४०/९० किंवा त्यावर असेल, तर एस्ट्रोजेन असलेली गोळी नकोच. चमकणारी अर्धशिशी असेल तर कुठल्याही वयात नको. अंगावर पाजणाऱ्या बाईने बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत थांबायचं. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन तर गोळीचा असर मोडून काढतं. बाई इमानेइतबारे गोळी घेते आणि तरी दिवस राहतात. मग गोळीला शिव्या.

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. "घरी माहितीये ना?"ला पाच सेकंद. आपण वेळ वाचवला.

अशा एस्ट्रोजेनवाल्या सरकारी गोळीचं नाव माला-एन. आरोग्य केंद्रात फुकट. आशाताईने घरी आणून दिली तर २०११च्या योजनेत एका पाकिटाचा एक रुपया ठरला होता. बाजारातली माला-डी ही तिचीच बहीण. माळेत अठ्ठावीस मणी. एकवीस पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या, सात तपकिरी लोहाच्या. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करायची, रोज एक, आणि माळ संपली की दुसऱ्या दिवशी नवी माळ. तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते. तेव्हा "आता कशाला गोळी" म्हणून थांबणारी बाई नव्या पाकिटाला चार दिवस उशीर करते, आणि गोळी चुकण्याचा सगळ्यात महागात पडणारा प्रकार हाच.

आमच्या भागात बायकांना दोन पाळ्या सांभाळाव्या लागतात, एक स्वतःची आणि एक कंपनीची. कंपनीची दर आठवड्याला बदलते. त्यामुळे कंपनीच्या भोंग्याला गोळी बांधू नये. झोपायच्या वेळेला बांधावी, मग ती झोप रात्रीची असो की दुपारची. दोन-चार तास इकडेतिकडे झाले म्हणून आकाश कोसळत नाही. एक पांढरी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढची ठरल्या वेळी, मग एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर लगेच एक घेऊन माळ पुढे चालू ठेवायची आणि सात दिवस कंडोम वापरायचा. पांढऱ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात असं झालं तर पांढऱ्या संपल्यावर तपकिरी सोडून थेट नवं पाकीट. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक. झालं. एवढं पाठ करायला बारावी सायन्स लागत नाही.

तरी पारावरचं विज्ञान जोरात असतं. गोळ्या पोटात साठून गोळा होतो म्हणे. पुढे मूलच होत नाही म्हणे. गोळी विरघळते, रक्तात जाते, बंद केली की असर ओसरतो आणि दिवस राहू शकतात. ज्याची खरी धास्ती बाळगायची ती गुठळी, तिचा हिशेब असा: गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना, माला-एनसारख्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर पाच ते सात जणींना. ड्रोस्पायरेनोनच्या महाग गोळ्यांवर नऊ ते बारा. बाळंतपणात याहून जास्त. म्हणजे चकचकीत डब्यातली महाग गोळी अधिक सुरक्षित असं मानणाऱ्या शहरी वहिनींनीही हा आकडा एकदा वाचावा.

एकच पाय सुजून दुखला, छातीत कळ आली, धाप लागली, अचानक जीवघेणं डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारलं, की गोळी थांबवून तडक दवाखाना. अंगारा नंतर.

हे सगळं गोळीच्या कागदावर असतं. अमेरिकेत १९६० साली गोळी आली तेव्हा त्यात आजच्या कितीतरी पट एस्ट्रोजेन होतं. १९७० साली तिथल्या सिनेटपुढे सुनावणी चालली, साक्षीला गोळी घेणारी एकही बाई बोलावली नव्हती, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या बायकांनी उठून आरडाओरडा केला. बाईच्या हातात धोके सांगणारा कागद पडला तो त्यानंतर. आपण त्याची पुडी बांधतो.

आणि गौरी-गणपती आले की हीच मंडळी काय करतात बघा. पाळी पुढे ढकलायची गोळी काउंटरवरून धडाधड जाते. सासूबाई स्वतः मागतात. लग्नाचं कुणी विचारत नाही, बीपीचं तर नाहीच. त्या नोरेथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात एस्ट्रोजेन होतो, गुठळीचा प्रश्न तिथेही असतो, शिवाय त्या गोळीला गर्भनिरोधक समजून चालत नाही. पण ते देवाचं काम. बाईने स्वतःच्या पोटाचं ठरवलं की मात्र काळी पिशवी.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी घालवली, 'समाजस्वास्थ्य' मासिकापायी खटले झेलले. त्यांना शंभर वर्षांनी काउंटरवरची ही पिशवी दाखवायला हवी होती.

तर ताई, पाकीट घ्यायच्या आधी उपकेंद्रात दंडाला पट्टा बांधून घ्या. नंतरही अधूनमधून बांधा. भाऊ, तुम्हालाही एक सांगायचंय. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातल्या जवळपास अडतीस विवाहितांकडे कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन बायकोचं झालेलं होतं. नवऱ्याचं? ०.३ टक्के. त्याच उपकेंद्रात कंडोमही फुकट मिळतो. त्याला बीपी मोजावा लागत नाही.