दोन सूत भाईर

मिस्त्री चहाला येऊन गेले की घरातलं काही कमी होत नाही, फक्त स्वस्थता जाते. कप तोंडाला लावायच्या आत त्यांचा डावा डोळा मिटतो, मान जराशी कलते, उजवा डोळा समोरच्या भिंतीवर रोखला जातो आणि निकाल लागतो, "दोन सूत भाईर हाय." मग तो आजोबांचा फोटो असो, दाराची चौकट असो, नाहीतर हप्त्यावर घेतलेलं नवं कपाट. चहा संपवून मिस्त्री निघून जातात. आपण मात्र रात्री अकराला अंथरुणातून उठून आजोबांना सरळ करत बसतो. आजोबा सरळ झाले की कपाट वाकडं दिसायला लागतं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सूत म्हणजे पाव इंच, मिलिमीटरमध्ये सहाच्या थोडं वर. एवढ्याने काही अडत नाही, या समजुतीवर बाकीच्यांचे संसार चाललेले असतात. हा माणूस तुमच्याही ओळखीत आहे. तुमचा कदाचित मुद्रितं तपासणारा असेल, किंवा पंक्तीत बसून आमटीची फोडणी करपली होती हे सर्वांना ऐकू जाईल असं सांगणारा असेल. पण तो सुतार असला की वाद घालायची सोय राहत नाही, कारण त्याच्या खिशात टेप असतो. लोक म्हणतात, सुतार 'उद्या येतो' म्हणतात आणि येत नाहीत. आमचे मिस्त्री सांगितल्या वेळी येतात. अडचण त्यांच्या जाण्याची आहे.

आमच्या भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं शेवटच्या कडव्याला आली होती. अंतरपाट धरलेला, अक्षता मुठीत, भटजींचा आवाज चढलेला. तेवढ्यात पाहुण्यांच्या दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "मामा, तुमची बाजू दोन सूत भाईर हाय." मामा दचकले, त्यांनी हात वर घेतला, समोरच्या माणसाने खाली घेतला, भटजी अडखळले आणि निम्म्या मांडवाने चुकीच्या ठिकाणी अक्षता टाकल्या. मिस्त्रींना त्याचं काही नाही. फोटोत अंतरपाट सरळ आलाय, हे ते आजही दाखवतात.

डोळे तपासायला गेले तेव्हा डॉक्टरांनी भिंतीवरची खालची ओळ वाचायला सांगितली. मिस्त्री म्हणाले, "ओळ वाचतो, पण आधी तक्ता सरळ करा." नजर उत्तम आहे असं लिहून देऊन डॉक्टरांनी त्यांना घालवलं. किरणोत्सवात अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत येतात, पहिल्या दिवशी चरणांवर, मग वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर. एका वर्षी ती पोचली नाहीत. ढगाला, धुळीला, महाद्वार रोडवरच्या बांधकामाला दोष देत सगळं कोल्हापूर चर्चा करत होतं. मिस्त्रींनी देवळातून मागे वळून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "सूर्य गुण्यात हाय. मधलं बांधकाम भाईर हाय." त्यांनी कुणाला निर्दोष ठरवल्याची माझ्या माहितीतली ही एकच घटना.

आणि एकदा गल्लीतल्या एका नामांकित खटपट्या गृहस्थांची तिरडी बांधत होते. मिस्त्रींनी बांधलेली सोडायला लावली. बांबू फिरवून पुन्हा बांधले. कुणीतरी कुरकुरलं, तर हळूच म्हणाले, "जाताना तरी माणूस सरळ जाऊ दे की."

तर अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर परीक्षेला बसायचं ठरवलं.

कारण घडलं शहराबाहेरच्या एका इमारतीत. दारं बसवायचं मोठं काम होतं. कंत्राटदाराने सुपरवायझर म्हणून नुकताच आयटीआय झालेला एक पोरगा आणला. पोरगा वाईट नव्हता. तो मिस्त्रींना जिन्याखाली नेऊन विचारायचा, "काका, बिजागरी किती आत घ्यायची?" मिस्त्री सांगायचे. पोरगा वहीत लिहून घ्यायचा आणि वर येऊन चार जणांसमोर तेच मिस्त्रींना मोठ्याने बजावायचा. महिनाअखेर त्याचं पाकीट जाड. मिस्त्रींनी विचारलं तर कंत्राटदार म्हणाला, "त्याच्याकडं कागद हाय." कागद मिस्त्रींकडेही होता. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आली, तिच्यातल्या अठरा धंद्यांत सुतार आहेच. त्यांनी नाव नोंदवलं होतं, प्रशिक्षण केलं होतं, ओळखपत्र काढलं होतं. कंत्राटदार म्हणाला, ते कर्जाला आणि अवजारांना ठीक. मला ट्रेडचा कागद पाहिजे.

मिस्त्रींच्या बी.कॉम. भाच्याने शोधून काढलं की अनुभवी कारागिराला वर्गात वर्ष न काढता खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय ट्रेड टेस्ट देता येते. लेखी परीक्षा संगणकावर, चार पर्यायांतला एक निवडायचा. लेखीला ३३ टक्क्यांत पास, प्रॅक्टिकलला ६० लागतात. चष्मा आणि पेन असलेल्या कुणालाही मिस्त्री 'सर' म्हणतात, त्यामुळे अभ्यास घ्यायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला खटका उडाला ड्रॉइंगवर. आपल्याकडे आराखडा 'फर्स्ट अँगल'ने काढतात, म्हणजे समोरून दिसणारं चित्र वर आणि वरून दिसणारं त्याच्या खाली. मिस्त्रींनी चित्राकडे एक डोळा मिटून पाहिलं, दुसरा मिटून पाहिलं. "वरनं बघितलेलं खाली कसं? ह्यो माणूस टेबलाच्या बुडात शिरून बघतोय व्हय?" मी समजावलं की वस्तू आपल्या आणि कागदाच्या मधे आहे असं धरायचं, मग वरून पाहिलेलं खालच्या पातळीवर उमटतं. अमेरिकेत उलट असतं, तिथे वरून दिसणारं वरच काढतात. "मग तिकडं सुतार हायती," मिस्त्री म्हणाले, "आन् हिकडं वकील."

दुसरा खटका पर्यायांवर. प्रश्नाखाली लिहिलेलं असायचं, 'सर्वात योग्य पर्याय निवडा.' हे मिस्त्रींना मंजूरच नव्हतं. त्यांच्या मते पर्याय बरोबर असतो किंवा भाईर असतो. सर्वात योग्य म्हणजे काय, कमी भाईर? एकेका प्रश्नापाशी ते चारी उत्तरांतली खोट काढून दाखवायचे, तेवढ्यात मोबाइलवरच्या सराव परीक्षेची वेळ संपायची. रंध्याचं पान घासताना किती अंशांचा कोन ठेवावा, या प्रश्नाला त्यांनी अंगठा पुढे केला. पुस्तकात होतं, सहाणेवर धार देताना ३० अंश, चाकावर घासताना २५. "आसंल. पान लागतंय न्हवं? मग तीसच असणार."

लाकडातल्या ओलाव्याच्या प्रश्नावर मात्र भाच्याची जिरली. ओलावा १२० टक्के असू शकतो का, असा प्रश्न होता. भाचा म्हणाला, शंभराच्या वर टक्के कसे जातील, छापण्यात चूक आहे. मिस्त्री हसले. ओल्या लाकडाचं वजन घ्यायचं, मग पार कोरडं करून घ्यायचं. फरकाला भागायचं ते कोरड्या वजनानं. "ताज्या कापलेल्या वंड्यात कवा कवा लाकडापेक्षा पाणीच जास्त असतंय. मग शंभराच्या वर का जाऊ ने?" टिंबर मार्केटमध्ये लाकूड नखानं दाबून, कानाजवळ ठोकून घेणाऱ्या माणसाला सूत्र पाठ करावं लागलं नाही. त्याला फक्त एवढंच कळायचं राहिलं होतं की आपल्याला जे माहीत आहे त्याला सूत्र म्हणतात.

'एम्प्लॉयबिलिटी स्किल्स' नावाचा एक विषय असतो. मुलाखतीला कसं बसावं, अर्ज कसा लिहावा, गटात कसं वागावं. एक प्रश्न होता: ग्राहकाने कामातली चूक दाखवल्यास काय कराल? रागवाल, दुर्लक्ष कराल, शांतपणे ऐकून घ्याल की वरिष्ठांना कळवाल? मिस्त्रींनी चारी पर्याय दोनदा वाचायला लावले. "गिऱ्हाइकाला चूक दिसायच्या आधी मीच दावतो. त्यो पर्याय कुठं हाय?" तो नव्हता. कुठल्याच सराव परीक्षेत नव्हता.

प्रॅक्टिकलची तयारी मात्र त्यांनी कुणाला विचारून केली नाही. संध्याकाळी कामावरून आल्यावर ते घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे आणि सांधे करायचे. कूस लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश. डव्हटेलचा उतार मऊ लाकडाला सहास एक, कठीण लाकडाला आठास एक. पुस्तकातले हे आकडे मी वाचून दाखवायचो आणि मिस्त्री मान न वळवता 'हां, हां' करायचे. केलेला सांधा ठोकून बसवायचा, उजेडासमोर धरायचा, डावा डोळा मिटायचा. मग दुसरा घ्यायचा. काही दिवसांत गल्लीत प्रत्येकाच्या घरी एकेक नमुना पोचला. आमच्या आईकडे हळदीकुंकवाची पेटी आली, समोरच्या बाईंकडे तळ नसलेली चौकट आली. तिचं काय करायचं ते त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला त्यांच्याविषयी बरं काही लिहायचं नव्हतं. पण एका संध्याकाळी मी ड्रॉइंगची वही घेऊन शेडमध्ये गेलो, तर हा सबंध गल्लीला वीट आणणारा माणूस सागाच्या ढलप्यांत पाय पसरून बसला होता आणि चक्क गुणगुणत होता. मी विचारलं, एवढा सराव कशाला, तुमचं तर रोजचंच काम. ते म्हणाले, रोजचं कुठलं! वडील होते तोवर पेट्या, कपाटं, देव्हारे, सगळं सांध्यांवर उभं राहायचं. आता प्लाय आणायचा, कापायचा, फेविकॉल लावायचं, मशीननं स्क्रू मारायचे, वरून सनमायका चिकटवायचा. किचनचे खण तर कारखान्यातून डब्यात घालून येतात, नुसते जोडायचे. प्लायला डव्हटेल कोण करतंय, आणि केला तर पैसे कोण देतंय? गिऱ्हाईक म्हणतं, "मिस्त्री, आतलं कोण बघतंय, वरचा रंग तेवढा झकास निवडा." एवढ्या वर्षांत हा सांधा मागणारं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ही सरकारी परीक्षा.

प्रॅक्टिकलच्या दिवशी केंद्रावर काय झालं ते मला तिथल्याच एका पोराने सांगितलं. अवजारं केंद्राची. मिस्त्रींनी हातात आलेला गुण्या आधी तपासला. फळीच्या सरळ कडेला लावून एक रेघ मारली, गुण्या पालटून त्याच जागी दुसरी मारली. दोन्ही रेघा वर जाता जाता एकमेकींपासून फाकल्या. "ह्योच भाईर हाय," असं म्हणून त्यांनी तो ठेवून दिला आणि पुढचा घेतला. मग शेजारच्या पोराचा रंधा लाकडाला चावत होता, त्याचं पान काढून धार लावून दिली. ते पाहून दुसरा आला. मग तिसरा. हॉलमधल्या निम्म्या पटाश्या आणि पानं मिस्त्रींच्या हाताखालून गेली, आणि वेळ संपत आली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या चौकटीचा एक कोपरा ठोकायचा राहिला होता. ठोकला. परीक्षक आले, त्यांनी चौकट हातात घेतली, कर्ण मोजले, मान डोलावली. पुढे निघणार एवढ्यात मिस्त्रींनी त्यांना थांबवलं.

"सर, हिकडच्या कोपऱ्यात फट हाय. कागद जाईल एवढी. दोन सूत न्हाय, पण हाय."

परीक्षकांनी चष्मा लावून पाहिलं, कागद घालून पाहिला आणि मार्क कापले.

तरी मिस्त्री पास झाले. लेखीत भाच्याच्या भाकितापेक्षा बरे, प्रॅक्टिकलमध्ये साठाच्या जरा वर. ज्यांची पानं त्यांनी लावून दिली ती पोरं त्यांच्या पुढे गेली. भाच्याने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रमाणपत्राची प्रत काढून आणली, तर ती कागदावर तिरकी छापलेली. दुकानदाराने पुन्हा काढून दिली, पुन्हा काढून दिली. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "काका, मशीनच तसं आहे." कंत्राटदाराने त्यांना सुपरवायझर केलं. पण तोवर त्या इमारतीत दारं चौकटीसकट कारखान्यातून यायला लागली होती. मिस्त्रींचं काम चलनावर सही करायचं आणि कामगार वेळेवर येतात का ते बघायचं. लाकडाला हात लावायचा नाही. आठवडाभर सह्या करून ते परत आले आणि आमच्या समोरच्या बाईंच्या किचनला लागले. प्लायच्याच.

तोंडी परीक्षेचं मला त्यांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. कारण तो प्रश्न मी त्यांच्याकडून घोटून घेतला होता: डव्हटेल सांधा कुठे वापरतात? उत्तर, ड्रॉवरला, पेट्यांना, जिथे ओढ बसते तिथे.

"विचारलं का ते?"

"विचारलं की."

"मग सांगितलंत ना, ड्रॉवर, पेट्या...?"

"सर, आता खोटं कसं सांगू?" मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, परीक्षेत."