काकांचा मॉनिटर आणि जावयांचा चेहरा

अहो, इकडे या जरा, कुंपणापाशी. हळू बोला, खिडकी उघडी आहे त्यांची. ऐकलंत का, काकांच्या मॉनिटरचं शेवटी काय निघालं ते? नाही? मग भाजीला नंतर जा. पटेल ब्रदर्स 1974 पासून शिकागोच्या ह्या डेव्हन रस्त्यावर आहे, अर्ध्या तासात कुठे पळून जात नाही.

दिवाळीत जावईबापू नेपरव्हिलहून मॉनिटर घेऊन आले, हे तर साऱ्या गल्लीला माहीत आहे. खोकं एवढं थोरलं की पुढच्या जिन्यातून जाईना, मागच्या ॲलीतून आत आणलं. सत्तावीस इंची, फोर-के. काकू मला म्हणाल्या, "ह्यांच्या डोळ्यांसाठी पोरीने आणलंय हो." पोरीने म्हणे! पैसे जावयांचे, हौस जावयांची, आणि नाव पोरीचं. असो, आपल्याला काय करायचंय. पण जावयांचा चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू, लग्नाच्या फोटोत सुद्धा इतका नाही. मी पाहिलाय अल्बम.

आणि एवढा मॉनिटर जोडला कशाला? काकांच्या त्या सीपीयूला! तोच हो, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, रिफर्बिश्ड, स्वस्तात मिळाला म्हणून काका वर्षभर सगळ्यांना सांगत फिरत होते तो. आय-थ्री, आठव्या जनरेशनचा. आत आठ जीबीची एकुलती एक रॅमची पट्टी आणि ती जुनी घरघरणारी हार्ड डिस्क. एक मात्र नशीब त्यांचं. विंडोज टेनचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला ना, दिवाळीच्या तोंडावर, तर आठवी जनरेशन असल्यामुळे काकांचा डबा इलेव्हनमध्ये बसला. अगदी उंबरठ्यावर. सातव्या जनरेशनच्या बहुतेकांना आत घेतलंच नाही. आपल्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादक वहिनी आहेत ना, त्यांचा सातव्याचाच आहे, पण त्यांचं सांगते पुढे.

तर काय सांगत होते, सुरू केला. विंडोज बिचारं आपणहून अक्षरं दीडशे टक्के करून देत होतं, ती स्केलची सेटिंग असते ना. जावई म्हणाले, "छे छे, फोर-के आहे, पूर्ण दिसायला हवं," आणि शंभरावर आणलं. अहो, स्केल वाढवलं म्हणून ठिपके कमी होत नाहीत, अक्षर मोठं होतं आणि जास्त ठिपक्यांनी रेखलं जातं, एवढंच. पण सांगणार कोण? काका नाक लावून बघतायत. काकू पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "आता सोबत भिंगही आणा." झालं. जावयांचा चेहरा पहिल्यांदा पडला तो तिथे.

दुसऱ्यांदा पडला तो माउस हलवल्यावर. बाण उचक्या देत चालायला लागला. पान वर-खाली केलं की सगळं थरथरायचं. जुन्या बावीस इंचीवर तर असं कधी नव्हतं! काका तोंडाने काही बोलले नाहीत, पण चष्मा काढून पुसत बसले. त्यांनी चष्मा पुसायला घेतला की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मग आला भाचा. यूआयसीला शिकतो तो हो, रात्रभर गेम खेळून सकाळी आई उठवते तो. त्याने एका वाक्यात निकाल दिला, "मामा, ग्राफिक्स कार्ड पाहिजे." फोर-के म्हणजे जवळजवळ त्र्याऐंशी लाख ठिपके, जुन्या फुल-एचडीच्या चौपट, तुमच्या डब्याला ते झेपणार नाही, म्हणाला. ऐकायला पटतं की नाही? मलाही पटलं. आणि थांबतोय कुठला, दुसऱ्या दिवशी कोणाकडून तरी वापरलेलं कार्ड घेऊनच आला. दोन पंख्यांचं, हे एवढं लांब!

अहो, डबा उघडला आणि सगळे गप्प. तो ऑफिसचा बुटका डबा, त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं. बरं, कापून-कुपून बसवलं असतं तरी त्याला वीज कुठून द्यायची? त्या खाचेतून फार तर 75 वॅट मिळतात. भाच्याच्या कार्डाला वरून वेगळी वायर हवी, आणि डब्याच्या दोनशे वॅटच्या पॉवर सप्लायला ती वायरच नाही. तसला सप्लाय बाजारात सहज बदलूनही मिळत नाही, कंपनीचं माप वेगळं. काकू म्हणाल्या, "मोजून नाही का आणायचं? मी पडदे घ्यायच्या आधी खिडकी मोजते." भाचा लाल झाला नुसता. ते कार्ड अजून त्याच्याकडेच पडलंय म्हणे, विकणारा परत घेत नाही… ते जाऊ दे.

आता खरं म्हणजे काका करतात काय कॉम्प्युटरवर? पेपर वाचतात, जुनी नाटकं बघतात, मंडळाच्या अंकाची प्रूफं तपासतात, आणि पुण्याच्या बहिणीला व्हिडिओ कॉल. ह्यात गेम कुठे आला? फोर-केवर अक्षरं दाखवायला आतलंच ग्राफिक्स पुरतं. पण ज्याला जे येतं तेच तो दुसऱ्याच्या घरात खुपसतो.

जावयांनी मग दुसरं टोक गाठलं. "बाबा, सगळं नवीनच घेऊ. आठशेत चांगला येईल." काकांनी शांतपणे पाठकोऱ्या पाकिटावर हिशेब मांडला. शिकागोचा सेल्स टॅक्स तेव्हा सव्वादहा टक्के, म्हणजे ब्याऐंशी डॉलर तर नुसते सरकारला. "म्हणजे भेट तुमची आणि बिल माझं?" असं म्हणाले नाहीत हो ते, पण पाकीट जावयांच्या समोर सरकवलं ते तसंच. आमच्या ह्यांच्या डोळ्यांदेखत!

तर काय सांगत होते… हां, भाईसाहेब! रॉकवेलच्या कोपऱ्यावरचे हैदराबादी भाईसाहेब. पूर्वी डेव्हनवर 220 व्होल्टच्या दुकानात होते, आठवतात ना ती दुकानं? भारतात सुट्टीला जायचं म्हटलं की आधी तिथे रांग. मिक्सर, टेप, मल्टिसिस्टिम टीव्ही, व्हीसीआर… इथलं 110 व्होल्टचं सामान तिथे लावलं की धूर निघायचा, म्हणून तिकडच्या विजेवर चालणारं इथून न्यायचं. 1991 नंतर सगळं तिथेच मिळायला लागलं, बॅगेतला व्हीसीआर गेला आणि त्या दुकानांची रयाही गेली. पण भाईसाहेबांचं डोकं तेच. ते आले होते शेवयांचा डबा परत द्यायला, आणि पडद्याकडे बघून दारातच थबकले.

"ये कित्ते हर्ट्झ पे है?"

कोणाला माहीत! भाच्याने सेटिंग उघडलं. 30 हर्ट्झ.

भाईसाहेब म्हणाले, "अमरीका में साठ, इंडिया में पचास, सारी उमर येईच बेचा मैं. आपके घर में तीस कायकू?"

अहो, काय हशा पिकला! हसता हसताच भाईसाहेब गुडघ्यावर बसले आणि डबा फिरवून त्याची पाठ बघितली. मागे दोन तोंडं. एक एचडीएमआय, त्यात जावयांनी वायर खुपसलेली. दुसरं डिस्प्लेपोर्ट, रिकामं. मग भाच्याला उजेड पडला. त्या डब्याचं एचडीएमआय 1.4 आवृत्तीचं, 2009 सालचं. त्यातून फोर-के जातं, पण सेकंदाला 30 चित्रं, पुढे नाही. साठवालं 2.0 निघालं 2013 ला, पण इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ते यायला आणखी कितीतरी वर्षं लागली. आणि शेजारचं डिस्प्लेपोर्ट मात्र 1.2, त्यातून फोर-के साठाने आरामात. तोंडाशी तोंड लागून दोन भोकं, पण एवढा फरक. कार्ड आणणाऱ्याने मागे वाकून बघितलंच नव्हतं!

"आता वायर विकत आणा," जावई गाडीची किल्ली घेऊन उठले, एल्स्टनच्या मायक्रो सेंटरला निघाले सुद्धा. आणि आतून काकू म्हणतात, "कसली वायर? ती काळी? ती खोक्यात आहे की पिशवीत."

मॉनिटरच्याच खोक्यात! कंपनीने दोन्ही दिल्या होत्या. जावयांनी एक काढली आणि खोकं फेकायला ॲलीत नेऊन ठेवलं होतं, ते काकूंनी रातोरात उचलून बेसमेंटमध्ये नेलं. त्यांचं सगळं जगच खोक्यात आहे, माहीतच आहे तुम्हाला. ग्लेनव्ह्यूच्या झेनिथचा जुना टीव्ही सुद्धा खोक्यासकट आहे अजून, रिमोटसकट. तर ती पिशवी आली, वायर लागली, 60 झालं, आणि बाण कसा सरळ पळाला! एक डॉलर खर्च नाही. काकूंनी पुढे बरेच दिवस 'फुकट' हा शब्द जेवताना कितीदा उच्चारला ते विचारू नका. जावयांचा चेहरा… तिसऱ्यांदा. मला तर शेवटी दया आली हो.

तशी मग थोडी डागडुजी केलीच. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. खरं सांगू? डबा झटपट उघडतो तो त्यामुळे, पण त्याचं कौतुक कोणी करत नाही. आणि रॅम. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच उसनं घेतं. एका पट्टीऐवजी दोन सारख्या लावल्या की रस्ता दुपदरी होतो, दुप्पट माल जातो. पण भाव बघितलेत? 2025 संपता संपता मेमरी अशी महागली की विचारू नका. सगळी ती एआयच्या डेटा सेंटरांकडे वळवतात म्हणे. मायक्रॉनने तर डिसेंबरात जाहीरच करून टाकलं की क्रुशियल नावाने घरगुती माल विकणं बंद. काका डेव्हनवर सोन्याचा भाव विचारतात तसा रॅमचा विचारायला लागले! शेवटी भाच्याने आपल्या ड्रॉवरमधून तशीच आठ जीबीची डीडीआर-फोरची पट्टी काढून दिली. गुपचूप दिली, एक शब्द न बोलता. कार्डाचं पाप फेडलं त्याने. पोरगा वाईट नाही तसा.

पण खरी गंमत पुढेच आहे. जवळ या.

काकांनी स्केल दीडशेवर आणलं आणि मराठी उघडलं. अहो, काय अक्षर दिसतं! मला हाताला धरून नेलं बघायला. जुन्या पडद्यावर एका इंचात शंभर ठिपके, ह्याच्यावर एकशे त्रेसष्ट. इंग्रजी अक्षराला तेवढ्याने फार अडत नाही, पण आपल्याला डोक्यावर वेलांटी, त्यावर रफार, त्यावर अनुस्वार, पायाशी उकार. सगळी गर्दी तीन-चार ठिपक्यांत. जुन्यावर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून नुसता डाग दिसायचा, आपण अंदाजाने वाचायचो. आता ज्ञ, क्ष्म, र्‍य, सगळं छापील पुस्तकासारखं सुटं सुटं.

आणि सुटं दिसलं की काय होतं? चुका दिसतात!

काकांनी हौसेने मंडळाचा आधीचाच अंक उघडला, पीडीएफ. संपादक वहिनींनी छापून, वाटून, कौतुक करून घेतलेला. अध्यक्षांच्या आडनावावरचा अनुस्वार गायब. 'आशीर्वाद'चा रफार 'शी'वर जाऊन बसलेला. आणि संपादकीयातच… नको, मी नाही सांगत. काकांनी प्रत्येक चुकीला पिवळं लावून यादी केली आणि सरळ वहिनींना मेल केली. वर लिहिलं, "नव्या मॉनिटरवर सहज दिसलं." सहज म्हणे!

वहिनींना मी दुसऱ्याच दिवशी भेटले, 155 च्या बसस्टॉपवर. तोंड असं झालेलं. म्हणाल्या, "आमच्याकडे तर असं काही दिसत नाही बाई." आता त्यांच्याकडे दिसेल कसं, सांगा! एकोणीस इंची पडदा, आणि मागे ती जाड निळ्या तोंडाची व्हीजीए वायर, आयबीएमने 1987 साली काढलेली. त्यांचे ते म्हणतात, चालतंय ना, मग कशाला बदलायचं.

तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. हळदीकुंकवाला सुद्धा काकू वहिनींकडे गेल्या नाहीत. काकू म्हणतात, चूक ती चूक. काका म्हणतात, मी तर मदतच केली. आणि जावई नेपरव्हिलहून फोन करून विचारतात, "बाबा, मॉनिटर कसा चाललाय?" त्यांना अजून कोणी हे सांगितलेलंच नाही!

पण तुम्हाला म्हणून सांगते, काल वहिनी माझ्याकडे आल्या होत्या. साखर मागायला. घरात दहा पौंडांची पिशवी असताना! इकडचं तिकडचं झालं, आणि निघताना दारात हळूच, "काकांचा तो मॉनिटर कितीला पडला हो? आणि ती वायर कुठली म्हणालात?"

मी म्हटलं वायर राहू द्या, आधी डब्याच्या मागे काय काय आहे त्याचा फोटो काढून आणा. तर आज सकाळी फोटो आला, आणि काय सांगू, व्हीजीएच्या शेजारीच…