उजव्या मांडीचा मुरूम

नगर-मनमाड रस्ता सोडून नागापूर एमआयडीसीत शिरलं की मुरूम दोन ठिकाणी दिसतो: रस्त्याच्या कडेला आणि शिफ्ट सुटलेल्या पोरांच्या तोंडावर. पहिला पडला की लोकांना बरं वाटतं, चिखल दबतो. दुसरा दिसला की ज्याला त्याला त्यावर रोलर फिरवायचा असतो.

एकविसाव्या वर्षी मी एका वर्कशॉपात लेथवर लागलो, तेव्हा माझ्या दोन्ही गालांवर मिळून हा माल चांगला ब्रासभर होता. आईच्या मते ती उष्णता. रोज रात्री ती सहाणेवर दुधात जायफळ उगाळायची आणि करंगळीनं एकेका पुळीला टिळा लावायची. मावशीच्या मते पोट साफ नव्हतं. शेजारचे काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "लग्न करून टाका, आपोआप जातील." मुलीकडच्यांचं म्हणणं होतं, आधी जाऊ द्यात, मग बघू.

सुश्रुतानं या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे आणि दोष कफ, वात नि रक्ताच्या माथी मारला आहे. काटेसावरीचं खोड जवळून पाहिलेल्या माणसाला ती उपमा लगेच पटते. काकांपेक्षा मला सुश्रुत जवळचा वाटला.

लेथवर सहा महिने होतात न होतात तोच नवं प्रकरण निघालं. मांडीवर काळ्या टोकांचे बारीक दाणे, मधूनच एखादी लालबुंद, पूवाची पुळी. आणि हे सगळं फक्त उजव्या मांडीवर. मावशी पोटावर ठाम होती. पण पोट एकाच बाजूनं कसं बिघडेल, याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तोंडाचा हिशेब लावला. वयात येताना हार्मोन वाढतात, कातडीतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटतात आणि बूच बसतं. बूच वरून उघडं राहिलं तर टोक काळं दिसतं. तो मळ नसतो, त्यामुळे घासून निघत नाही. (माझी घासणीची दोन वर्षं वाया.) वर कातडी धरली तर पांढरा दाणा. आत जंतू माजले, सूज आली की लाल पुळी, मग पू. फार खोल गेलं तर दुखरी गाठ, आणि ती बसली तरी खड्डा ठेवून जाते. लोखंडाच्या किसानं कूलंटची नळी तुंबते तसंच हे, एवढं मला कळलं.

मित्रानं दिलेलं गोरं करणारं मलम दाखवलं, तर ती ट्यूब त्यांनी परत दिलीच नाही. त्यात स्टेरॉइड होतं. आधी चेहरा चकाकतो, मग त्या मलमाचेच मुरूम उठतात.

"आता मांडी. कामावर कुठली पँट घालता?"

"हीच."

"खिशात काय आहे?"

मी उजव्या खिशात हात घातला आणि हात पुसायचा चिंध्यांचा बोळा टेबलावर ठेवला. काळाकुट्ट, कटिंग ऑइलनं थबथबलेला. त्यांच्या प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर गोल डाग पडला. पाण्यात कालवायच्या कूलंटनं अनेकांना खाज सुटते. नुसतं तेल मात्र कापडातून झिरपून केसांची छिद्रं बुजवतं. लेथवाल्यांच्या मांड्यांवर नि हातांवर हे येतंच, म्हणाले. बोळा खिशात ठेवायचा नाही, पँट रोज धुवायची, शिफ्ट सुटली की साबणानं अंघोळ.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं बोळा चिमटीत धरून न्याहाळला.

"म्हणजे उष्णता नव्हती?"

"नाही. तेल."

"मग तेल काय थंड असतं?" ती म्हणाली, आणि सहाण पुढ्यात ओढली.